पडक्या बंदराचे फोटो काढायचेत? मग कॅमेरा नंतर, आधी भरती-ओहोटी बघा

पडक्या बंदराचे माझे पहिले फोटो अजून हार्ड डिस्कवर पडून आहेत, दोनशेच्या वर फ्रेम्स, आणि त्यातल्या एकाही फोटोत ते बंदर आहे हे कळत नाही. भिंत आहे, भिंतीतून उगवलेलं गवत आहे, ढग तर काय झकास आलेत, पण हाच फोटो डोंगरावरच्या गढीचा म्हणून दाखवला असता तरी कुणी हटकलं नसतं. झालं होतं असं की मी पोचलो तेव्हा भरती पूर्ण चढलेली, पायऱ्या पाण्याखाली, भिंतीतल्या लोखंडी कड्या पाण्याखाली, वर उरला होता नुसता एक चौथरा. दुसऱ्यांदा गेलो ते वेळापत्रक बघून, तर जागा ओळखूच येईना.

म्हणून इथे लेन्स-बिन्सचं नंतर बोलू. बंदर म्हणजे जमीन आणि बोट एकमेकांना भेटायची ती जागा, तेव्हा तिथे उभं राहिल्यावर एकच प्रश्न डोक्यात ठेवा: बोट कुठे लागायची? माल कुठून चढायचा, दोर कशाला बांधायचे, बाहेरची लाट कोण अडवायचं, हे सगळं त्याच प्रश्नात येतं. ज्या फ्रेममध्ये ह्याचं थोडं तरी उत्तर दिसतं ती फ्रेम बंदराची, बाकी सगळे पडके दगड.

पाण्याचं गणित

बहुतेक किनाऱ्यांवर साधारण २४ तास ५० मिनिटांत दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात, म्हणजे आज सकाळी सातला ओहोटी असेल तर उद्या ती आठच्या जरा आधी. काही किनाऱ्यांवर दिवसाला एकच भरती येते, आणि पाणी किती चढतं-उतरतं ह्यात तर जमीन-अस्मानाचा फरक, कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात फरक १६ मीटरपर्यंत जातो आणि भूमध्य समुद्राच्या बऱ्याच किनाऱ्यांवर जेमतेम हातभर. त्यामुळे पहिलं काम म्हणजे त्या जागेला सगळ्यात जवळ असलेल्या चालू बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढायचं आणि त्यात वेळ आणि उंची दोन्ही बघायचं. नुसती वेळ बघून जाणारे फसतात. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, बहुतेक वेळा एक-दोन दिवस उलटल्यावर, उधाण असतं, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि तितकंच खाली उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा ओहोटीतसुद्धा पाणी फार खाली जात नाही आणि तुम्हाला हव्या त्या खालच्या पायऱ्या दिसतच नाहीत.

आता एक गोष्ट सांगतो जी मला फार उशिरा कळली. एखाद्या ठिकाणी उधाणाची मोठी ओहोटी घड्याळात दर वेळी साधारण त्याच सुमाराला येते. म्हणजे तुमच्या बंदरात पौर्णिमेनंतरची मोठी ओहोटी भर दुपारी बाराला असेल, तर पुढच्या अमावस्येनंतरचीही दुपारीच असणार, त्याच्या पुढच्या पौर्णिमेचीही दुपारीच. सगळं उघडं पडलंय आणि डोक्यावर ऊन, असलं ते दुखणं. रोज पन्नास मिनिटं पुढे धरली तर आठवड्याने ओहोटी संध्याकाळी सहाच्या आसपास पोचते, पण तोवर भांग लागलेला असतो. मग तोडगा काय, तर उधाणानंतर चार-पाच दिवस थांबायचं, पाणी बऱ्यापैकी खाली जातं आणि ओहोटी तीन-चारच्या पुढे सरकलेली असते, म्हणजे पाणी परत चढायला लागताना हातात तिरपा प्रकाश येतो. नाहीतर सरळ ढगाळ दुपार पकडायची. पायऱ्यांवरचं शेवाळ, गंज, ओला दगड ह्यांचे रंग ढगाळ उजेडात जास्त खुलतात, सूर्यास्ताच्या नादाला लागलेल्यांना हे पटत नाही ती गोष्ट वेगळी.

पूर्ण ओहोटीच सगळ्यात चांगली असं पण नाही हां. पाणी फार लांब गेलं की समोर नुसता चिखल उरतो आणि धक्का बिचारा विनाकारण उंच बांधल्यासारखा दिसतो. मला विचाराल तर खालच्या दोन-तीन पायऱ्या पाण्यात आणि बाकीच्या बाहेर, ही वेळ सोन्यासारखी, कारण तेव्हा बोट इथे लागत असेल हे सांगावं लागत नाही. ही वेळ किती टिकते त्याचा अंदाज बाराव्या हिश्श्याच्या हिशोबाने काढता येतो, ओहोटी ते भरती अशा साधारण सहा तासांत पाणी पहिल्या तासाला एकूण उंचीच्या १/१२ चढतं, मग २/१२, ३/१२, ३/१२, २/१२ आणि शेवटी १/१२. म्हणजे मधल्या दोनच तासांत निम्मं पाणी चढून येतं, चार मीटरचा फरक असेल तर दोन तासांत दोन मीटर, आणि तुम्ही ज्या दगडावरून चालत गेलात तो दगड परत येताना नसतो. वर वारा किनाऱ्याकडे वाहत असेल किंवा हवेचा दाब उतरला असेल तर पाणी वेळापत्रकातल्या आकड्यापेक्षा वर असतं, दाब एक मिलिबार उतरला की साधारण एक सेंटिमीटर, एवढं धरून चाला.

कॅमेरा बॅगेत ठेवून एक फेरी मारा

शक्य असेल तर आदल्या दिवशी, नाहीतर निदान तासभर आधी पोचा आणि एकही फोटो न काढता फिरा. मला ह्याचा कंटाळा यायचा, हात शिवशिवतात, पण ह्या फेरीतच खरा माल सापडतो.

धक्क्याच्या काठावर गुडघे टेकून बसा आणि कडेच्या दगडांवरून हात फिरवा. एका ठिकाणी मला हाताचं बोट बसेल एवढी खाच लागली, मग तिच्या शेजारी अजून एक, मग तिसरी, तिन्ही थोड्या तिरक्या आणि आतून इतक्या गुळगुळीत की बाकीचा दगड खरखरीत आणि ही जागा जणू कुणी घासून ठेवलेली. दोर घासून घासून पडलेल्या खाचा होत्या त्या. अख्ख्या धक्क्याचे शंभर फोटो एकीकडे आणि ह्या खाचांचा जवळून काढलेला एक फोटो एकीकडे. असलंच अजून काय काय शोधायचं: दोर बांधायचे खुंट, दगडात रोवलेल्या कड्या, कडी गळून गेली असेल तर तिच्या गंजाचा खाली ओघळलेला तांबडा डाग, बोटी ओढून वर घ्यायचा उतार, लाटा अडवणारा बांध कुठून सुरू होतो आणि कुठे तुटलाय.

पाण्याच्या रेषेकडेही नीट बघा. भिंतीवर पट्टे दिसतील, सगळ्यात वर कोरडा दगड, खाली काळपट पट्टा, त्याखाली चिकटलेल्या शिंपल्यांचा धारदार थर, आणि तळाला हिरवं शेवाळ. भरती रोज कुठपर्यंत येते हे तिथे लिहूनच ठेवलेलं असतं. जुने लाकडी खांब असतील तर ते मधेच बारीक झालेले दिसतात, कारण लाकूड कोरणारे छोटे जीव भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात जास्त खातात. लोखंडाचं उलट, ते भरतीच्या रेषेच्या जरा वर, जिथे नुसते शिंतोडे उडतात तिथे सगळ्यात जास्त सडतं, आणि गंजलं की फुगतं, म्हणून कडीभोवतीचा दगड फुटलेला दिसतो. हे माहीत असलं की कॅमेरा कुठे रोखायचा ते आपोआप कळतं.

ह्याच फेरीत पाय कुठे ठेवायचा तेही ठरवा. काळपट पट्टा आणि हिरवं शेवाळ दोन्ही साबणासारखं घसरतं, त्यातल्या त्यात काळा पट्टा बेरकी, कारण तो दिसतो नुसत्या ओल्या दगडासारखा. जुन्या धक्क्याची कड वरून धडधाकट दिसते आणि खालून लाटांनी पोखरलेली असते, तेव्हा कडेपासून लांबून, आधी बाजूने वाकून खाली पोकळी आहे का ते बघूनच पुढे जायचं. काँक्रीट असेल तर बाहेर आलेल्या सळ्या असतात. आणि समुद्राकडे पाठ करून बसायचं नाही, कधीच नाही. मोठ्या लाटा घोळक्याने येतात, पाच मिनिटं शांत वाटलं म्हणून फसू नका, निदान पंधरा मिनिटं उभं राहून सगळ्यात मोठी लाट कुठपर्यंत पोचते ते बघा आणि ट्रायपॉड त्याच्या वरच लावा. परतीची वेळ मोबाईलवर अलार्म लावून ठरवा, फोटो मिळो न मिळो.

सामान

फार नको. एक वाइड लेन्स, एक ७०-२०० एमएमसारखी लांब लेन्स (लांबचं जवळ ओढणारी), ट्रायपॉड, पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर), एखादा सहा स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच, एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), हवा मारायचा ब्लोअर, दोन-तीन मायक्रोफायबर फडकी आणि एक बाटली गोडं पाणी. ते पाणी पिण्यासाठी नाही, म्हणजे प्या पण, पण मुख्य म्हणजे लेन्सवरचं मीठ काढायला. खारे शिंतोडे सुकले की मिठाचे बारीक खडे होतात आणि त्यावर कोरडं फडकं फिरवलं की ओरखडे गॅरंटीड. आधी ब्लोअर, मग गोड्या पाण्याने ओलसर केलेलं फडकं, मग कोरडं. दर दहा मिनिटांनी पुढची काच उजेडात तिरकी धरून बघा, कारण मागच्या स्क्रीनवर हे काही दिसत नाही. सूर्याकडे तोंड करून काढलेली माझी एक अख्खी संध्याकाळ अशीच धुरकट निघाली, घरी आल्यावर कळलं.

एसी खोलीतून किंवा गाडीतून थेट दमट हवेत कॅमेरा काढलात तर काचेवर बाष्प धरतं. बॅगेची चेन बंद ठेवून अर्धा तास बाहेर राहू द्या, मग उघडा. धक्क्यावर लेन्स बदलायची नाही, बदलायचीच असेल तर वाऱ्याकडे पाठ करून, बॅगेत हात घालून.

ट्रायपॉडचे पाय उघडताना नेहमी आपण वरचा जाड भाग आधी उघडतो, इथे उलटं करा, सगळ्यात खालचा बारीक भाग आधी पूर्ण बाहेर काढा, म्हणजे जोड पाण्याच्या आणि वाळूच्या वर राहतात. वाळूत पाय दाबून बसवा, नाहीतर लाट खालची वाळू नेते आणि तीस सेकंदांच्या फोटोत कॅमेरा हळूच खचत जातो. मधल्या दांड्याला बॅग लटकवायची तर ती जमिनीला टेकू द्या, वाऱ्यात झोके घेणारी बॅग असण्यापेक्षा नसलेली बरी.

मोबाईलनेच काढणार असाल तरी काही बिघडत नाही, मुख्य लेन्स वापरा, झूम ओढू नका, उजळ भागावर बोट दाबून एक्सपोजर लॉक करा आणि थोडं खाली उतरवा.

फ्रेम लावताना

पडक्या बंदरात काहीच सरळ नसतं, भिंती कललेल्या, खांब वाकलेले, धक्का एका बाजूला खचलेला. अशा वेळी भिंतीच्या रेषेवर कॅमेरा सरळ करायला गेलात की समुद्र एका बाजूला सांडतो. क्षितिज सरळ ठेवा, बाकी सगळं वाकडंच दिसू दे, वाकडं आहेच ते.

वाइड लेन्सने काढताना लोकं समोर मोठा रिकामा चौथरा ठेवतात आणि बंदर लांब कुठेतरी काडीएवढं. समोर काहीतरी कामाचं हवं, खुंट, कडी, खाचा, पायरीचं टोक, आणि त्याच्या अगदी जवळ जा, साधारण मीटरभर अंतरावर. फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) २० एमएम लेन्स, एफ ११ (एफचा आकडा मोठा तेवढं लेन्सचं छिद्र बारीक) आणि फोकस साधारण दीड मीटरवर ठेवला तर पाऊण मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं बऱ्यापैकी शार्प येतं. एफ २२ वर जाऊ नका, तिथे सगळाच फोटो थोडा मऊ पडतो. लांब लेन्सचा उपयोग वेगळाच, ओळीने असलेले खुंट किंवा पाण्यातले खांब एकमेकांजवळ ओढून आणायला. तुटलेला बांध समोरून काढला तर दगडांचा ढीग वाटतो, पण त्याच्या टोकाशी उभं राहून लांब लेन्सने लांबीच्या रेषेत बघितलं की बांधाची मूळ रेघ एकदम दिसते.

मोजमाप दाखवायला माणूस हवाच असं नाही, पायऱ्या असतात ना, पायरी किती उंच असते ते प्रत्येकाच्या पायाला माहीत असतं. पण तिथे कुणी जाळं विणत बसलं असेल, गळ टाकून बसलं असेल तर आधी बोला, विचारा, मग काढा. बोलण्यातून पाणी कुठपर्यंत चढतं आणि कुठला दगड हलतो हे फुकट कळतं, वेळापत्रकात ते नसतं.

पाण्याखालचा पाया किंवा बुडालेली भिंत दाखवायची असेल तर पोलरायझर लावा आणि नजर पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांचा कोन करेल अशी ठेवा, त्या कोनात पाण्यावरची चमक पोलरायझर सगळ्यात जास्त खातो. सरळ खाली बघून किंवा लांबवर बघून तेवढा फायदा होत नाही. ओल्या दगडावरची चकाकी घालवायला पण हाच फिल्टर, फक्त दीड-दोन स्टॉप उजेड जातो आणि वाइड लेन्सवर आकाशात गडद डाग पडतो, तेव्हा आभाळ जास्त असेल तर काढून ठेवा.

शटर किती ठेवायचं

इथे माझं मत जरा आगाऊ आहे. तीस सेकंदांचं एक्सपोजर लावून समुद्राचं दूध करायची इतकी सवय लागलीय सगळ्यांना की सगळी बंदरं एकसारखी दिसायला लागलीत. पाणी गुळगुळीत झालं की ते पायऱ्यांवर चढतं, खाचांतून परत उतरतं, खांबाला वळसा घालतं हे सगळं पुसलं जातं. अर्धा सेकंद ते एक सेकंद करून बघा, लाट पायऱ्यांवरून मागे ओघळत असताना बटण दाबा, पुढे येताना नाही. मागे जाणारं पाणी रेषा काढत जातं आणि त्या रेषा प्रत्येक पायरीवरून वेगळ्या पडतात. एकच फ्रेम वीस-पंचवीस वेळा काढा, दोन लाटा सारख्या नसतात.

हिशोब सोपा आहे. फिल्टर नसताना शटर १/३० सेकंद येत असेल तर तीन स्टॉपने १/४, सहा स्टॉपने साधारण दोन सेकंद, दहा स्टॉपने तीस-पस्तीस सेकंद. आयएसओ १००, एफ ८ ते एफ ११, रॉ फॉरमॅट (कॅमेऱ्याची कच्ची फाइल), ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर. भडक वादळी लाट भिंतीवर फुटताना हवी असेल तर उलट १/१००० च्या आसपास जा आणि लांब लेन्स घेऊन लांबच उभे राहा.

ओला दगड काळा आणि फेस पांढराशुभ्र, एका फोटोत दोन्ही धरायचं म्हणजे कसरत. हिस्टोग्राम (स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख) बघून फेस जळणार नाही एवढंच एक्सपोजर द्या, सावल्या रॉ मधून उचलता येतात. नाहीतर आभाळासाठी एक आणि दगडासाठी एक अशा दोन फ्रेम काढून जोडा. ह्याला फसवणूक म्हणणारे भेटतात, त्यांना सांगा की गुस्ताव्ह ल ग्रे नावाचा फ्रेंच फोटोग्राफर १८५० च्या दशकात समुद्राची एक निगेटिव्ह आणि आभाळाची दुसरी अशा दोन जोडून प्रिंट काढायचा, कारण तेव्हाच्या निगेटिव्ह निळ्या रंगाला इतक्या हळव्या की आभाळ कोरं पांढरं यायचं. जोडताना एवढंच बघा की पाण्याचा भाग एकाच फ्रेममधला राहील, दोन लाटा एकमेकांत मिसळल्या की भुतं दिसतात.

जुना फोटो हाताशी असेल तर

चालू असतानाचा बंदराचा जुना फोटो मिळाला तर त्याच जागेवरून आजचा फोटो काढा, ह्यात वेळ जातो पण मजा त्याहून जास्त. बऱ्याच जणांना वाटतं की तीच लेन्स हवी, पण नाही, दृश्य ठरतं ते तुम्ही कुठे उभे आहात त्यावर, लेन्स नुसती किती कापायचं ते ठरवते. जुन्या फोटोत दोन गोष्टी शोधा, एक जवळची एक लांबची, समजा गोदामाचा कोपरा आणि मागचं दीपगृह. कोपरा आणि दीपगृह ह्यांच्यातली फट फोटोत आहे तेवढी होईपर्यंत डावी-उजवीकडे सरका. मग अशीच दुसरी जोडी घ्या, फ्रेमच्या दुसऱ्या बाजूची, आणि ती जुळेपर्यंत पुढे-मागे व्हा. दोन्ही जोड्या एकदम जुळल्या की तुम्ही त्या फोटोग्राफरच्या पावलांवर उभे आहात. उंची जुळवायला लांबच्या गोष्टीचा तळ जवळच्या गोष्टीला कुठे कापतो ते बघा, बऱ्याचदा माणूस गाडीवर किंवा गच्चीवर चढलेला असतो. जुन्या मोठ्या कॅमेऱ्यांत लेन्स वर सरकवता यायची म्हणून त्यांच्या इमारती सरळ उभ्या दिसतात, आपण कॅमेरा वर न वाकवता आडवा समतल धरायचा, जरा जास्त वाइड काढायचं आणि खालचा भाग कापून टाकायचा. सावल्यांवरून दिवसाची वेळ पण काढता येते, आणि पायऱ्यांवरून पाण्याची.

अंधार पडताना

सूर्य बुडाला की सगळे आवरायला लागतात. थांबा. पुढची वीस ते चाळीस मिनिटं आभाळ निळं, पाणी निळं आणि दगडावर सावलीच नाही, आणि खाचा-बिचा सगळं सपाट दिसायला लागतं. तेव्हा साधी टॉर्च काढा, कॅमेऱ्याजवळून मारू नका, बाजूला जाऊन जमिनीलगत आडवी मारा, आठ-दहा सेकंदांच्या एक्सपोजरमध्ये दोन-तीन सेकंद पुरे. दोराच्या त्या तीन खाचांचा माझा सगळ्यात चांगला फोटो असाच आला, प्रत्येक खाचेत काळी सावली आणि कडेला पिवळा उजेड, मागे निळं पाणी. फक्त अंधारात शेवाळावरून परत यायचंय हे विसरू नका, परतीची वाट उजेडातच बघून ठेवलेली बरी.

परवानगीचं थोडक्यात. संरक्षित वास्तू असेल तर काही ठिकाणी ट्रायपॉडलाही वेगळी परवानगी लागते, ड्रोनला तर बहुतेक ठिकाणी, तेव्हा आधी चौकशी करा. ड्रोनने धक्क्याचा नकाशा सुंदर दिसतो, पण पडक्या भिंतींत पक्ष्यांची घरटी असतील त्या दिवसांत नकोच. आणि फ्रेमसाठी दगड हलवू नका, अक्षरं नीट दिसावीत म्हणून कोरीव लेखावर खडू फिरवू नका, पाणी ओतू नका, टॉर्चच्या आडव्या उजेडात अक्षरं आपोआप वर येतात.

घरी आल्यावर

फोटो बघायचा मोह आवरा आणि आधी ट्रायपॉड धुवा. पाय पूर्ण सोडवून गोड्या पाण्याखाली धरायचे, जोडांतली वाळू काढायची आणि उघडेच वाळत ठेवायचे. कॅमेऱ्याची बॉडी ओलसर फडक्याने पुसा, बॅग झटका, पट्टा धुवा, पट्ट्यात मीठ फार बसतं.

एडिटिंगमध्ये मी फार काही करत नाही, क्षितिज सरळ, सावल्या थोड्या वर, आणि गंजाचा तांबडा रंग भडक करायचा मोह टाळतो. ब्लॅक अँड व्हाइट करणार असाल तर केशरी स्लायडर वर नेला की गंजाचे ओघळ उजळतात आणि खाली नेला की काळे पडतात, दोन्ही करून बघा. आणि फोल्डरच्या नावात तारखेसोबत भरती-ओहोटीची वेळ आणि उंची लिहून ठेवा. माझ्या फोल्डरवर ‘ओहोटी १५:४०, ०.९ मीटर, तिसरी पायरी कोरडी’ असं लिहिलंय. पुढच्या वेळी ०.४ मीटरच्या आसपासचा दिवस धरून जायचंय, तिसऱ्या पायरीखाली भिंतीत अजून एक कडी असावी असं वाटतंय, त्या दिवशी पाण्यातून नुसती तांबडी कड दिसत होती.